सांगलीच्या बंगल्यासाठी वेगळं, श्रीमंत फर्निचर: विकत काय घ्यावं आणि करून काय घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा: विश्रामबागेत नवा बंगला उभा राहतोय, प्लास्टर झालंय, खाली २२ बाय १४ फुटांचा हॉल आहे. "चार घरांत दिसतं तसलं नको, आलेला माणूस बघत राहिला पाहिजे" अशी इच्छा आहे. मनात चार वस्तू आहेत: मधून निळं रेझिन वाहणारं आठ फुटी डायनिंग टेबल, पुण्यात पाहिलेला अर्धगोल पांढरा सोफा, इटालियन मार्बलचा सेंटर टेबल आणि वरच्या मजल्यावर गोल पलंग. शिवाय वाईचा जुना वाडा उतरवला तेव्हाच्या सागाच्या सहा तुळया, दोन कोरीव खांब आणि आजेसासऱ्यांचा शिसवी झोपाळा गोडाऊनमध्ये पडून आहे. "हे सगळं विकून टाकावं का?" असंही विचारलंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, हे जाता जाता लिहिलंय.

ताई, सुरुवात गोडाऊनपासूनच करू. विकू नका. तुमच्याकडची सगळ्यात दुर्मिळ वस्तू तिथे आहे आणि तिच्या तोडीचं लाकूड आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

आधी झोपाळा. चांगला जुना शिसव जांभळट काळा असतो, हाताला जड लागतो आणि पाण्याचा हात फिरवला की आतल्या रेषा उठून दिसतात. एवढ्या रुंदीचा एकसंध शिसवी पाट आता वखारीत मागून बघा, वखारवाला तुमच्याकडेच बघेल. हॉलमध्ये नजर थांबेल अशी एकच वस्तू ठेवायची असेल तर ती ही. बाकीच्या वस्तूंनी तिच्यापुढे शांत राहायचं. एका खोलीत वळणदार सोफा, चमकदार टेबल, कोरीव खांब आणि झुंबर असं सगळं एकदम आलं की पाहुण्याची नजर कशावरच ठरत नाही. पैसा खर्च झाल्याचं कळतं, पण घर कुणाचं आहे ते कळत नाही. मी ग्राहकांशी सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर घालतो.

झोपाळ्याला मशिनची पॉलिश पट्टी लावू देऊ नका. मिस्त्री घाईत असतो, ग्राइंडर फिरवतो आणि शंभर वर्षांत हातांनी गुळगुळीत झालेली कड दहा मिनिटांत धारदार होते. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने जुना मळ आणि जुनी लाख उतरवायची, भेगा असतील तर शिसवाच्याच भुश्श्याने भरायच्या आणि चपडी लाखेचं हातपॉलिश करायचं. हे पॉलिश कसं दिसतं ते बघायचं असेल तर मिरजेत सतारमेकर गल्लीत जा. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे हाताने पॉलिश केलेल्या एखाद्या तंबोऱ्याला दिव्याच्या उजेडात तिरकं बघा. उजेड लाकडाच्या आत शिरून परत येतो. पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन) पॉलिशवर तो वरच्या वर सांडतो. लाखेचा दोषही सांगतो: गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो. पण तो डाग त्याच जागी दुरुस्त होतो. पीयूला खोल चरा गेला तर सहसा सगळा पृष्ठभाग पुन्हा घासावा लागतो. म्हणून झोपाळ्याला लाख आणि रोज जेवायच्या टेबलाला पीयू किंवा तेल-मेणाचं फिनिश, अशी माझी वाटणी असते.

पितळी कड्या तपासून घ्या. कडीत कडी जिथे घासते तिथे पितळ झिजून बारीक झालेलं असतं. प्रत्येक कडी भिंगातून बघायची, केसासारखी चीर दिसली की ती कडी बदलायची. वजनाचा हिशेब साधा नाही. चार माणसं बसली की तीनशे किलो होतात, झोका घेतला की ताण त्याच्या दुपटीकडे जातो. वरचे हूक मी एकूण एक टनाच्या खाली कधी धरत नाही. तुमचा स्लॅब आधीच पडलाय, त्यामुळे हूक स्लॅबखालच्या काँक्रीटच्या बीममधून आरपार बोल्टने, वरून लोखंडी पाटी देऊन बसवा. बीम कुठे आहे हे इंजिनिअरच्या नकाशावरून ठरवायचं, मिस्त्रीच्या अंदाजावरून नाही. पुढेमागे तीन-तीन फूट जागा मोकळी सोडा आणि टाइल्स बसण्याआधी हे काम उरकून घ्या.

आता तुळया. वाईच्या वाड्यातल्या, म्हणजे त्यांनी कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहिलेत. असं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं. ताज्या सागाची फळी घेतली आणि ती नीट वाळवलेली नसेल, तर कितीही कुशल सुतार असला तरी दोन वर्षांत टेबल बोलायला लागतं: कुठे भेग, कुठे बाक. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने हवेबरोबर फुगतं आणि आकसतं. सागासारखं शांत लाकूड घेतलं तरी तीन फूट रुंद टेबलटॉप जुलै ते एप्रिल या काळात पाच-सात मिलिमीटरने हलतो. म्हणून टॉप खालच्या चौकटीला घट्ट स्क्रूने खिळवून टाकायचा नसतो. लांबट भोकं पाडून, त्याला सरकायला जागा ठेवून बसवायचा असतो. शोरूममध्ये टेबल आवडलं तर खाली वाका आणि एवढंच बघा. तिथे सरकायची सोय नसेल तर वरची चकाकी कितीही असो, पुढे जा.

आठ बाय तीन फुटांचा, दोन इंच जाड टॉप म्हणजे चार घनफूट लाकूड. कापण्यात, रंधण्यात आणि खिळ्यांच्या जागा टाळण्यात तीस-चाळीस टक्के जातं. पाय आणि चौकट धरून आठ-साडेआठ घनफूट हाताशी पाहिजे. तुमच्या सहा तुळयांत हे आरामात बसावं, त्यातल्या काही आतून पोकळ निघाल्या तरीसुद्धा. तुळया मिलवर न्यायच्या आधी मेटल डिटेक्टर फिरवून घ्या. जुन्या वाड्यांच्या लाकडात हाती घडवलेले खिळे आत मोडून राहिलेले असतात, आणि एक खिळा लागला की बँडसॉचं पातं गेलं. खिळ्यांच्या जागी लाकूड काळं पडलेलं दिसेल. ते काळे डाग राहू द्या. लोखंड आणि लाकडातलं द्रव्य एकमेकांत मिसळून ते तयार होतात. रंगाने असा डाग मुद्दाम उठवायला गेलं तर नकली दिसतो.

मग ते निळं रेझिन. ताई, मी ते करून देतो, पण तुमच्या घरी देणार नाही. का ते ऐका. आठ फूट लांब, सरासरी आठ इंच रुंद आणि दोन इंच खोल अशी 'नदी' भरायला सुमारे पंचवीस लिटर इपॉक्सी रेझिन लागतं. ते घट्ट होताना स्वतःच तापतं. एका दमात ओतलं तर आतून उकळून बुडबुडे आणि भेगा येतात, म्हणून थरांमध्ये ओतावं लागतं आणि प्रत्येक थराला वेळ द्यावा लागतो. दक्षिणेच्या खिडकीजवळ ठेवलं तर काही वर्षांत त्यावर पिवळी झाक चढते. आणि मुख्य म्हणजे नेहमीचं रेझिन पन्नास-साठ अंशांपुढे मऊ पडायला लागतं. आपल्या घरात कुकर, आमटीचं पातेलं, तव्यावरची भाकरी थेट टेबलावर येते. प्रत्येक वेळी कुणीतरी "अगं, खाली काहीतरी ठेव" म्हणून ओरडणार असेल, तर ते टेबल घरातल्यांचं झालं नाही.

त्याऐवजी हे करा. एका तुळईतून सलग निघालेल्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून शेजारी शेजारी लावा, म्हणजे रेषा एकमेकींचं प्रतिबिंब होतात. मधे नैसर्गिक भेग असेल तर ती बुजवू नका. तिच्यावर आडव्या, फुलपाखराच्या आकाराच्या शिसवी पाचरी बसवा, म्हणजे भेग पुढे पसरत नाही. जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर जॉर्ज नाकाशिमा यांच्या कामाची ही खूण आहे. ते १९३०च्या दशकात पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंड या वास्तूच्या कामावर होते आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी त्यांनी फर्निचर केलं. भेग लपवण्यापेक्षा तिला मान द्यायचा, ही त्यांची रीत. आपल्या सुतारांना ही पाचर करायला शिकवावी लागत नाही, फक्त कुणी मागितलेली नसते.

हे लिहितोय तोवर तुम्हाला शंका येईल की इथल्या मिस्त्रीच्या हातून 'डिझायनर' काम होईल का. त्यासाठी चंदीगडच्या खुर्च्या आठवा. १९५०च्या दशकात पिएर जानरे या स्विस वास्तुरचनाकाराने तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या साध्या खुर्च्या आखल्या, आणि त्या घडवल्या आपल्याच सुतारांनी. पुढे कित्येक खुर्च्या मोडीत निघाल्या, गच्चीवर ढीग पडले. आज त्याच खुर्च्या परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना जातात. जगाच्या दिवाणखान्यांत आज श्रीमंती म्हणून जे मिरवलं जातं, त्यातलं बरंच काही रंधा आणि पटाशीनेच घडलंय. कमतरता असते ती नीट काढलेल्या नकाशाची आणि घाई न करणाऱ्या मालकाची.

अजून नजर तयार करायची असेल तर एक रविवार मोकळा काढा. सकाळी वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात जा. खांब आणि तुळईची गाठ कशी घातलीय, कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) कुठे शिरलंय, हे बोट लावून बघा. परतीच्या वाटेवर औंधचं श्री भवानी संग्रहालय आहे, पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं. तिथली लाकडावरची बारीक कोरीव कामं बघताना आपल्या तुळया उद्या काय होऊ शकतात ते डोळ्यांपुढे येतं. त्याच संग्रहात हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड' आहे. औंधसारख्या गावात कोरीव लाकूड आणि हे आधुनिक शिल्प एका छपराखाली बसतं, तर तुमच्या हॉलमध्ये जुना झोपाळा आणि आजचा सोफा नक्की बसेल.

सोफ्याबद्दल मी थोडा कडक बोलणार आहे, कारण इथे सासूबाईंचा प्रश्न आहे. परदेशी धाटणीच्या बऱ्याच सोफ्यांची बैठक पंधरा-सोळा इंच उंच आणि सव्वीस-अठ्ठावीस इंच खोल असते. पाय वर घेऊन लोळायला ते छान. गुडघे दुखणाऱ्या बाईला त्यातून उठताना मात्र कुणाचा तरी हात लागतो, आणि मग ती तिथे बसायचंच टाळते. घरातली सगळ्यात मोठी व्यक्ती ज्यावर बसत नाही, तो सोफा कितीही मोलाचा असला तरी मी त्याला चांगला म्हणणार नाही. बैठक अठरा इंच उंच, खोली एकवीस-बावीस, आणि निदान एका टोकाला हाताने दाब देता येईल असा भक्कम हत्ता. अर्धगोल आकार यातही येतो. हे पुण्याच्या दुकानात मिळणार नाही, करून घ्यावा लागेल.

करून घेताना चौकट टणक लाकडाची हवी, नुसत्या प्लायची नको. फोम चाळीस डेन्सिटीचा मागा. स्वस्तातला बत्तीसचा वर्षा-दोन वर्षांत बसतो आणि गोल सोफ्यावर खड्डा फार लवकर दिसतो. पांढरं बुक्ले, म्हणजे गुंड्यागुंड्यांच्या विणीचं कापड मला दिसायला आवडतं. पण त्याच्या गुंड्यांत धूळ अडकते, आणि आपल्याकडे मार्च ते मे हवेत धुळीची कमी नसते. शिवाय हळदीचा हात एकदा लागला की तो डाग त्या कापडाचा कायमचा सोबती. त्यापेक्षा जाड विणीचं सुती-लिनन घ्या, राखी किंवा मातकट रंगाचं, आणि खोळी चेनच्या, काढून धुता येतील अशा. आणखी एक: नऊ फुटी अखंड अर्धगोल तुमच्या दारातून आत येतो का, ते आधी मोजा. दोन भागांत करून मधे बोल्टने जोडता येतो. आत न शिरणारे सोफे गॅलरीवरून दोर लावून चढवताना मी पाहिलेत.

चामड्याचा विचार मनात असेल तर फक्त एवढं लक्षात ठेवा की पावसाळ्यात बंद खोलीत त्यावर बुरशी येते.

डायनिंगच्या खुर्च्या जड घेऊ नका. किमती म्हणजे वजनदार, ही आपल्याकडची समजूत मला पटत नाही. इटलीचे वास्तुरचनाकार जिओ पाँटी यांची १९५७ मधली सुपरलेजेरा खुर्ची फक्त १.७ किलोची आहे, आणि ती आजही उत्तम कारागिरीचा नमुना मानली जाते. हलकी खुर्ची करायला जास्त कसब लागतं, कारण सांधा चुकला तर लपवायला लाकूडच नसतं. तुमच्या टेबलाला सागाची चौकट आणि वेताची विणलेली बैठक असलेल्या आठ खुर्च्या शोभतील. बैठक सतरा-साडेसतरा इंच, टेबल तीस इंच.

सेंटर टेबलासाठी इटालियन मार्बल नको म्हणतो. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडी, त्यावर लिंबू किंवा ताक सांडलं की चकाकी खाल्ली जाते आणि तो ठिपका पुसून जात नाही. त्याच्या जागी आपला काळा दगड घ्या. सातारा-सांगलीची भूमी याच बेसाल्टवर उभी आहे, देवळं त्यातच घडलीत. पाथरवटाकडून तीन बाय दोन फुटांची, एक इंच जाडीची शिळा घ्या आणि ती आरशासारखी चकचकीत न करता रेशमासारखी मऊ घासून घ्या. कडा मात्र छिन्नीच्याच ठेवा. तिचं वजन चाळीस किलोच्या आसपास भरतं, खालचा सांगाडा त्या मानाने करायचा. लिंबाने ती बिघडत नाही. तुमच्या दोन कोरीव खांबांचे तुकडे करून या टेबलाचे पाय करायचा सल्ला कुणीतरी देईल, ते अजिबात करू नका. खांब अखंड ठेवा. हॉल आणि जेवणघराच्या मधल्या उघड्या जागेत, खाली दगडी बैठक देऊन, दोन बाजूंना उभे करा. वरून भार नको, नुसते उभे.

गोल पलंग नको. चादर, गादी, मच्छरदाणी सगळं आयुष्यभर शिवून घ्यावं लागतं आणि खोलीचे चारही कोपरे वाया जातात.

आता सांगलीचं खरं दुखणं, पूर. आयर्विन पुलाजवळ नदीच्या पाण्याला ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे इथे लहान मुलालाही पाठ असतं, आणि २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्या पुरानंतर गावभागातल्या घरांतलं फर्निचर मी स्वतः हाताळलंय. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची) कपाटं फुगून फुटली होती, बाहेर फेकण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. अस्सल सागाचं सामान धुऊन, सावलीत हळूहळू वाळवून, सांधे पुन्हा ठोकून परत उभं राहिलं. तुमच्या प्लॉटपर्यंत २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी आलं होतं का, हे शेजाऱ्यांना विचारा. आलं असो वा नसो, तळमजल्यावर लाकूड थेट जमिनीला टेकवू नका. चार इंची पितळी किंवा स्टीलचे बूट द्या. ते दिसायलाही देखणे असतात आणि वाळवीची वाटही अवघड होते. टेबल, सोफा आणि मोठं कपाट बोल्टवर सुटं होणारं करा, म्हणजे इशाऱ्याचा भोंगा झाल्यावर दोन माणसं तासाभरात वर नेऊ शकतील. जिथे प्लाय वापरावाच लागेल तिथे आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ चा साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) प्लाय फक्त वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोल्यांत.

नामांकित विदेशी खुर्ची हवीच असेल, म्हणजे अमेरिकेच्या इम्स दांपत्याची १९५६ ची लाउंज चेअर किंवा जर्मन वास्तुरचनाकार मीस यांची १९२९ ची बार्सिलोना खुर्ची, तर एकतर अधिकृत उत्पादकाची घ्या, नाहीतर घेऊ नका. नक्कल सगळीकडे मिळते. खुर्चीचा कोन, प्लायचा बाक, कातड्याखालची गादी, सगळ्यात थोडं थोडं कमी असतं, आणि बसल्यावर पाठीला ते कळतं. त्या पैशात आपल्याकडे एक अस्सल वस्तू घडते.

मिस्त्रीशी बोलताना कागद करा. लाकूड कोणतं (साग दांडेलीचा, बल्लारशाचा, की परदेशातून आलेला), खोडाच्या कडेचा पांढरा भाग चालणार की फक्त गाभा, फोमची डेन्सिटी, बिजागरी आणि चॅनेलचा मेक, पॉलिशचा प्रकार आणि हात किती, हे सगळं लिहून दोघांच्या सह्या. पांढऱ्या भागाचा मुद्दा सोडू नका, किडा तिथूनच शिरतो. टेबल आणि सोफा करण्याआधी हॉलच्या फरशीवर खडूने खऱ्या मापाचे आकार आखा आणि आठवडाभर त्यांच्या मधून वावरा. कुणाचा पाय रेघेवर पडतो ते बघा. तीन फुटांपेक्षा अरुंद वाट राहिली तर वस्तू लहान करा. मापं बदलायची ती खडूतच.

क्रम असा धरा. हूक आत्ताच, टाइल्सच्या आधी. तुळया या महिन्यात मिलवर, आणि फळ्या निघाल्यावर मधे पट्ट्या देऊन, सावलीत, तुमच्याच नव्या हॉलमध्ये रचून ठेवा, म्हणजे त्या घराच्या हवेला सरावतील. सुतारकाम पावसाळ्यात चालू राहिलं तरी हरकत नाही. पॉलिश मात्र ओल्या हवेत करू देऊ नका, लाखेत आणि लॅकरमध्ये दमटपणा अडकून पांढुरके ढग येतात. मिस्त्री गणपतीच्या आधी उरकून देतो म्हणेल, तुम्ही दसऱ्यानंतरची तारीख लिहून घ्या.